गुलाबी सांधा

११ जानेवारी

प्रिय टिटवी,

या नावाने हाक मारायचा हक्क मला राहिलेला नाही, हे माहीत आहे. पण पाकिटावर तुझं खरं नाव लिहिताना अक्षर इतकं परकं झालं, की आत तरी जुनंच नाव असू दे म्हटलं.

बाबांना जाऊन पाच आठवडे झाले. फोनवर मी कळवलं तेव्हा तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तो 'बरं' मी पुष्कळ दिवस उलटसुलट करून पाहिला. त्यात राग सापडला नाही. सापडला असता तर निदान काहीतरी हाताला लागलं असतं.

घर सोडतोय. चार खोल्यांत एकटा माणूस म्हणजे डब्यातला खडा, नुसता वाजतो. मी काम करतो त्या जागेच्या वरची खोली मिळाली आहे. हो, अजून कवळ्याच बनवतो. गावातले निम्मे म्हातारे माझ्याच दातांनी मला नावं ठेवतात.

सामान आवरताना तुला काय हवं ते विचारावं म्हणून हे पत्र. आईचं शिवणयंत्र चालू आहे, फक्त पट्टा बदलायला हवा. तिची मोठी कात्री आहे. तुझी शाळेची वही सापडली, तिच्या मागच्या पानावर तू माझं चित्र काढून खाली 'गाढव' लिहिलंय. ती मी ठेवून घेतो.

आणि बाबांच्या कपाटात, कपड्यांच्या मागे, बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात आईची किटली होती. म्हणजे तिचे तुकडे. एकेक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळलेला. मला वाटलं होतं, त्यांनी ते केव्हाच टाकून दिले असतील. सतरा वर्षांनी तिच्यावरच्या चित्रातली छत्रीवाली बाई पाहिली. कमरेपाशी दुभंगली आहे, पण छत्री शाबूत. मागचं लाल घरही आहे, त्याच्या तिरक्या धुराड्यासकट. ते धुराडं पाहून तू म्हणायचीस, काढणाऱ्याला तेव्हा शिंक आली असणार.

आई ज्या इंग्रज बाईचे पडदे शिवायची, तिने देश सोडताना ही किटली आईच्या हातात कशी दिली, तो किस्सा आईकडून आपण शंभर वेळा तरी ऐकला असेल. "बाकी सगळ्यांनी माझ्या घरातल्या किमती वस्तू पाहिल्या, तू ही पाहिलीस," असं ती बाई म्हणाली होती म्हणे. आई एवढं सांगून थांबायची आणि मग स्वतःच लाजायची.

तुकडे टाकवले नाहीत. पेठेच्या मागच्या गल्लीत फुटक्या भांड्यांचं जोडकाम करणारी एक बाई आहे, तिच्याकडे देऊन आलो. जोडून झाली की तुला पाठवू का?

तुझी भिंगरी आता चोवीस वर्षांची असेल. तिला आशीर्वाद. घेतले तर.

दादा


२ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललो नव्हतोच.

जोडकामवालीकडे जाऊन आलो. साठीची असेल, भिंग डोक्यावर चढवलेलं, बोलणं तोडून टाकल्यासारखं. दुकान कसलं, खिडकीपाशी टेबल आणि वाळूने भरलेली घमेली. जोडलेली भांडी सांधा धरेपर्यंत वाळूत खोचून ठेवते. मी आत गेलो तर म्हणाली, "चिनी माती म्हणून दिलीत ती चिनी माती नव्हे हो. साधी भाजलेली माती आहे, वरून साईसारखी झिलई. इंग्लंडात दोन-अडीचशे वर्षांपूर्वी अशी भांडी व्हायची. चित्र मात्र हाताचं. बाईचा चेहरा बघा, चार ठिपक्यांत उरकलाय. दिवसाला पन्नास चेहरे काढत असतील, कोण लाड करणार?"

मी म्हटलं, "आमच्या घरात तिला फार मान होता."

"दिसतंय की. एक्केचाळीस तुकडे जपून ठेवलेत. एक कणसुद्धा हरवला नाही. माझ्याकडे लोक निम्मं भांडं घेऊन येतात आणि पूर्ण परत मागतात."

मग तिने कानाचा तुकडा उचलला. दोन पदरी पिळाचा तो कान आठवतो ना, आईच्या वेणीसारखा? त्याचं खालचं टोक तिने भिंगाखाली धरलं आणि म्हणाली, "हा सांधा नवा नाही. किटली फुटली तेव्हा हा कान आधीच तुटलेला होता. कुणीतरी चिकटवला होता. आणि कशाने चिकटवला कोण जाणे, गुलाबी रंग आहे. तीस वर्षांत असला गोंद पाहिला नाही मी. असल्या कानाला धरून उचलली तर दुसरं काय होणार?"

त्या इंग्रज बाईकडेच कधी तुटला असेल. जुन्या वस्तूंचं काय सांगावं, त्यांचं आधीचं आयुष्य आपल्याला थोडंच माहीत असतं. पण तुला कळवावंसं वाटलं. म्हणजे भिंगरीचा त्यात तसा काही दोष नव्हता, एवढंच.

इथे थंडी आहे. गिऱ्हाईक आलंय, थांबतो.

दादा


९ फेब्रुवारी

टिटवी,

गिऱ्हाईक आलं नव्हतं.

मागचं पत्र टपालात टाकून आठवडा झाला. सतरा वर्षं जे दडवलं तेच मी तुला पुन्हा, नव्याने, शाई खर्चून दडवून पाठवलं. आता सरळ लिहितो.

तो गुलाबी गोंद माझा. कवळीच्या हिरड्या आम्ही ज्याच्या करतो, ती गुलाबी पूड आणि तो वासाचा द्रव. कालवला की दहा मिनिटांत दगड होतो.

भिंगरीच्या वाढदिवसाच्या आधी नऊ दिवस. तू तिला घेऊन डोळे तपासायला गेली होतीस, बाबाही तुमच्याबरोबर होते. घरात मी एकटा होतो. आमच्या दातांच्या दवाखान्यातली चष्मेवाली तुला आठवत असेल, जिचं नाव काढून तू मला छळायचीस. तिला मी त्या दुपारी घरी बोलावलं होतं. पहिल्यांदाच. काय दाखवावं तिला? आपल्या घरात दाखवण्यासारखं काय होतं? मी किटली खाली काढली. नुसती दाखवून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला तिच्यात चहा करायची हौस आली. उकळतं पाणी थेट ओतलं. टक् असा आवाज झाला, अगदी बारीक. मी तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं. कपात ओतायला उचलली तर कानाचं खालचं टोक निसटून हातात आलं. किटली वाचली, कारण चष्मेवालीने तिच्या बुडाखाली हात धरला. तिचा तळवा भाजला. तरी ती हसत होती. म्हणाली, "वडील आले की सांगून टाक. रागावतील, विझतील."

मी सांगितलं नाही. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दर रविवारी बाबा ती किटली फडताळातून काढायचे, ओल्या फडक्याने पुसायचे, मग कोरड्या, आणि मग नुसते मांडीवर घेऊन बसायचे. तो माणूस रागावला असता त्याचं मला भय नव्हतं गं. तो रडला असता, त्याचं होतं. मी कान चिकटवला, वरून पांढरा रंग दिला, तुटकी बाजू भिंतीकडे करून ठेवली. मधल्या रविवारी बाबांना ताप होता म्हणून त्यांनी किटली काढली नाही. मला वाटलं, सुटलो.

पुढचं तुला माहीत आहे. पण मी पाहिलं तसं एकदा लिहू दे.

भिंगरीला सात पूर्ण झाली होती. बाबांनीच तिला जवळ बोलावलं. "आता तू मोठी झालीस. आजीची किटली एकदा हातात घेऊन बघ." त्यांनीच तिच्या हातात दिली. मी दारात उभा होतो. 'थांबा' म्हणायला मला दोन श्वासांइतका वेळ होता. मी मोजून सांगतो, दोन. तिने दोन्ही हातांनी, शिकवल्यासारखा नीट, कान धरला.

फुटल्यावर ती रडली नाही. हातात राहिलेला कान तिने बाबांपुढे धरला, परत देत असल्यासारखा. बाबांनी तिला मारलं. आणि मग तुझ्याकडे बघून ते बोलले. तू संसार सोडून पोरीला घेऊन घरी परत आलीस, ते त्यांच्या मनात किती दिवस साचलं होतं कोण जाणे. "खाण तशी माती! आईने घर मोडलं, पोर दुसरं काय करणार?"

तू माझ्याकडे वळलीस. "दादा, तू काही बोलणार आहेस का?"

तुला फक्त एवढंच हवं होतं की भावाने म्हणावं, 'बाबा, पोरीला असं बोलू नका.' तुला बाकीचं माहीतच नव्हतं. आणि मला वाटलं, तोंड उघडलं तर सगळंच बाहेर येईल. मी फरशीकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघी गेलात.

चष्मेवालीने आठवड्याने विचारलं, "सांगितलंस?" मी नाही म्हटलं आणि काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या हातून तुटली म्हणून सांगायचं होतंस. मला चाललं असतं." पुन्हा आमच्या घरी ती आली नाही. मीही बोलावलं नाही.

अजून एक आहे. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

बाबांना माहीत होतं.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांची नवी कवळी मी बसवत होतो. ते आरशात बघत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "हा गुलाबी रंग एकदा धरला की कशाने सुटत नाही, नाही का?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "हं." आणि तोंड उघडलं, मी पुढचं काम करावं म्हणून.

तेवढंच. त्यानंतर पंधरा वर्षं आम्ही दोघं एका टेबलावर जेवलो. ते मला विचारायचे, मीठ देऊ का? मी त्यांना विचारायचो, गोळी घेतली का? त्यांनी तुला बोलावलं नाही, कारण बोलावलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि मग मी कुठे राहिलो असतो? असं मी समजत आलो. किंवा त्यांना स्वतःचेच ते शब्द परत घेता येत नव्हते. कोणतं खरं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

क्षमा माग असं मन सांगतं, पण 'क्षमा' हा शब्द लिहून पाहिला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी हस्ताक्षरातला वाटला. खोडला.

दादा


२७ फेब्रुवारी

टिटवी,

भिंगरी येऊन गेली. तिने तुला सांगितलं असेल किंवा नसेल.

रविवारी सकाळी दार वाजलं. उघडलं तर दारात तू. म्हणजे तूच, वीस वर्षांपूर्वीची, फक्त उंच. मी "ये" म्हणायचं विसरलो. तिनेच विचारलं, "मामा ना तुम्ही?"

खुर्च्या नेऊन झाल्या होत्या. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली, मी पुस्तकांच्या खोक्यावर. तिने सांगितलं, "आईने पाकिटं फोडलेली नाहीत. टेबलावर एकावर एक ठेवली आहेत. टाकून देत नाही, उघडतही नाही. मी तिला न विचारता फोडली."

मी जे पत्रात लिहिलं होतं ते तिला पुन्हा तोंडाने सांगितलं. तिच्याकडे बघून. सांगताना माझा आवाज किती बारीक झाला होता, ते मलाच ऐकू येत होतं.

ती म्हणाली, "मला किटली आठवतच नाही, मामा. फुटलेली नाही आठवत, मार नाही आठवत. मला फक्त सकाळी बसमध्ये चढलो ते आठवतं. आई म्हणाली, मागे बघू नकोस. मी बघितलं. तुम्ही सोडायला याल असं मला वाटत होतं."

मी घरातच होतो गं. खिडकीशी. पडद्याच्या आत. तिलाही तेच सांगितलं.

ती कुठे काम करते ते तू कधी मला कळवलं नाहीस, कशाला कळवशील. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात! माझ्या तळव्यावर बोट ठेवून तिने दाखवलं, एवढी एवढी असतात म्हणून. मी म्हटलं, "तुझे हात चांगले असणार." म्हणायला नको होतं. ती म्हणाली, "पहिले सहा महिने मी एकही बाळ उचललं नाही. नळ्या धुतल्या, चादरी बदलल्या, कागद भरले. बाळ उचलायची वेळ आली की दुसरीला हाक मारायची. मोठ्या सिस्टरने एकदा रागावून विचारलं, भीती कसली वाटते तुला? मला सांगता येईना. मला खरंच माहीत नव्हतं. तुमचं पत्र वाचल्यावर कळलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शिडी फरफटत नेत होतं.

किटली जोडून आली आहे, ती मी तिच्यापुढे ठेवली. जोडकामवालीने काम सुरेख केलंय, रेषा शोधाव्या लागतात. फक्त "हिच्यात आता चहा कधीच नाही, बघायला ठेवा," असं बजावलंय. भिंगरीने हात लावला नाही. वाकून सगळ्या बाजूंनी पाहिली. "छान आहे," म्हणाली, "पण मला नको. आमच्या घरी सगळं स्टीलचं आहे."

जाताना दारात थांबली. "मी माफ केलं असं म्हणायला आले नव्हते मी. आणि आईच्या वतीने तर काहीच बोलू शकत नाही. पण ती वाचणार नाही. तिला तोंडाने सांगा. पत्र म्हणजे परत पडद्याच्या आतूनच."

तुझीच मुलगी.

गुरुवारच्या सकाळच्या गाडीने येतोय. हे पाकीटही तू फोडणार नाहीस, म्हणून मी येणार हे भिंगरीच तुला सांगेल. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर मी बाहेरून सांगेन. शेजारी ऐकतील. ऐकू देत.

दादा


६ मार्च

प्रिय टिटवी,

तुझ्या गावच्या बसस्थानकावर बसून लिहितोय. परतीच्या गाडीला दीड तास आहे. कागद मासिकांच्या दुकानातून घेतला, त्याला लहान मुलांच्या वहीच्या रेघा आहेत.

तू दार उघडलंस. त्यापुढचं मी काही गृहीत धरलं नव्हतं, आणि म्हणूनच पहिलं वाक्य जे पाठ करून आलो होतो ते साफ विसरलो. तुझे केस पांढरे झालेत. आईचे झाले होते तसेच, कपाळापासून. कुणी मला सांगितलंच नव्हतं. मी तुझ्याकडे त्रेचाळीस वर्षांची बाई म्हणून बघितलंच नाही, मी तिथे जिला शोधत होतो ती सव्वीस वर्षांची होती.

तू आत बोलावलं नाहीस. उंबऱ्याच्या आत तू, बाहेर मी. मी बोललो. मध्ये एकदा जिन्यावरून कुणी पिशव्या घेऊन गेलं, तेव्हा तू हात वर करून मला थांबवलंस आणि ते गेल्यावर म्हणालीस, "हं, पुढे." शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालीस, "झालं?"

"झालं."

"म्हणजे त्या दिवशी मी तुला विचारलं, तेव्हा तुला सगळं माहीत होतं."

"हो."

"मी सतरा वर्षं समजत होते, दादा भित्रा आहे. भित्र्या माणसावर किती रागावणार? म्हणून तुझ्यावर मी फारशी रागावलेच नव्हते." एवढं बोलून तू थोडा वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिलीस. "आता नव्याने सुरुवात करावी लागेल."

त्यावर मला हसू आलं की रडू, कळलं नाही. तुला मात्र दोन्ही आलं नाही. बाबांना माहीत होतं, हे सांगितलं तेव्हाही तू उभीच होतीस. फक्त, "पंधरा वर्षं?" असं विचारलंस आणि चौकटीला टेकलीस. "त्यांना माझा पत्ता माहीत होता," म्हणालीस. "माझा पत्ता कधी बदललाच नाही." आणि मग तू रडलीस. माझ्यासाठी नाही, ते मला कळत होतं. मी हात पुढे केला नाही. तेवढी अक्कल आता आली आहे.

तू पाणी आणून दिलंस. मी पेला परत दिला. दार लावता लावता तू थांबलीस आणि विचारलंस, "शेवटी शेवटी जेवत होते का ते?" मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणालीस, "आत्ता नको. लिहून पाठव. फोडीन."

म्हणून लिहितोय.

ऑक्टोबरपर्यंत नीट जेवत होते. मग चावणं जड जायला लागलं. मी कवळी दोनदा घासून दिली, पण हिरड्याच आटल्या होत्या. नोव्हेंबरात त्यांनी ती काढून ठेवली आणि पुन्हा लावली नाही. मग पातळ सूप, दुधात कुस्करलेली बिस्किटं, उकडलेलं सफरचंद. सफरचंद आवडायचं. गोड पदार्थाला ते कधी नको म्हणाले नाहीत. सकाळचं ते स्वतः चमच्याने खायचे, सांडायचे, सांडलेलं मी पुसायला गेलो की माझा हात बाजूला करून स्वतः पुसायचे. दुपारचं मी भरवायचो. शेवटचे चार दिवस फक्त पाणी, ओठ ओले करण्यापुरतं.

तू विचारलं नाहीस, पण पुढचा प्रश्न तोच असणार. तुझं नाव त्यांनी काढलं नाही. तुझंही नाही, भिंगरीचंही नाही, आईचंही नाही. काढलं होतं असं लिहायचा मोह मला आत्ता, या बाकावर, झाला. एक ओळ लिहिलीसुद्धा. ती तुला दिसेल, खोडली आहे पण वाचता येते. वाचू नकोस, ती खोटी आहे.

खरं एवढंच आहे. शेवटच्या दुपारी मी ओला कापूस त्यांच्या ओठाला लावला. त्यांनी माझं मनगट धरलं. पकडीत जोर काहीच नव्हता. ते माझ्याकडे बघत होते आणि तोंड उघडलेलं होतं, बोलायला की पाण्यासाठी, मला समजलं नाही. मी पाणी दिलं.

गाडी लागली आहे.

दादा